ऐकलेला सल्ला मोबाइलमध्ये जपून ठेवा



रेडिओवरचा सल्ला ऐकताना सगळं पटतं. पण फवारणीच्या दिवशी बांधावर उभं राहिलं की प्रमाण आठवत नाही. "साहेब, ते औषध दहा लिटरला सांगितलं होतं की पंपाला?" असं मला नेहमी विचारलं जातं. दहा लिटर पाण्याला १० मिली सांगितलं असेल, तर १५ लिटरच्या पंपाला १५ मिली लागतं. इथे चूक झाली तर कीड मरत नाही, नाहीतर पीक करपतं.

कार्यक्रमाचा ऑडिओ मोबाइलमध्ये साठवलेला असेल, तर शिवारात रेंज नसतानाही तो पुन्हा ऐकता येतो. त्यासाठी गाणी वाजवणारं साधं ॲप पुरतं. व्हीएलसी हे ॲप फुकट असून त्यात जाहिराती नसतात. ते उतरवून घेताना एकदाच इंटरनेट लागतं. जागाही फार अडत नाही. १२८ केबीपीएसच्या एमपी३ फाइलला मिनिटाला सुमारे १ एमबी, म्हणजे अर्ध्या तासाला ३० एमबीच्या आतच जागा लागते.

असे करावे :

१. मोबाइलच्या फाइल मॅनेजरमध्ये 'शेती सल्ला' नावाचा फोल्डर करा. व्हॉट्सॲपवर आलेला ऑडिओ त्यात कॉपी करा. पुढे चॅट साफ करताना मूळ फाइल गेली, तरी ही राहते.

२. फाइलला नाव देताना आधी वर्ष-महिना, मग पीक आणि विषय लिहा. उदाहरणार्थ, '२०२५-०७ कापूस निंबोळी अर्क'. म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही.

३. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर फाइली पाहण्याची परवानगी मागेल, ती द्या. मग फोल्डर उघडून हवी ती फाइल लावा.

४. प्रमाण नीट कळलं नाही, तर खालची पट्टी थोडी मागे ओढा. बोलणं भरभर वाटलं, तर वेग कमी करा.

५. प्रमाण वहीत उतरवा. औषधाचे हात मोबाइलला लावू नका. काय ऐकायचं ते औषध कालवण्याआधीच ऐका.

नावात तारीख कशाला, असं वाटेल. त्याला कारण आहे. दाणेदार फोरेट एके काळी सर्रास वापरलं जाई. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्याच्या वापरावर बंदी आहे. जुन्या ऑडिओत त्याची शिफारस असेल, पण ऑडिओ आपणहून बदलत नाही! म्हणून दर हंगामापूर्वी फोल्डर तपासा आणि जुनी औषधं सांगणाऱ्या फाइली काढून टाका. मशागत, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क करण्याची रीत अशी माहिती मात्र खुशाल ठेवा.

ऑडिओ ही आठवण आहे, परवाना नव्हे. फवारणीपूर्वी डब्यावरचं लेबल वाचा, त्यावर आपलं पीक आहे का ते बघा. शंका आली तर तालुका कृषी कार्यालयात विचारा, मगच पंप पाठीवर घ्या.