लेखांक ५ : तक्त्यात न बसणारं वजन

पिंपरी पेंढारहून कुणी ओतूरला नाहीतर आळेफाट्याला दवाखान्यात गेलं, की आधी वजनकाटा आणि मग उंची-वजनाचा हिशेब, म्हणजे बीएमआय. समजा, त्या काट्यावर १२५ सेंटिमीटर उंचीची, ४५ किलोची बाई उभी आहे. तिचा बीएमआय २८.८ भरतो. आपल्याकडे २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात, म्हणून तिला सांगितलं जातं, खाणं कमी करा. घरी जाऊबाईही तेच म्हणतात.

या सल्ल्यात तिच्यावर अन्याय आहे. आखूड हातपायांच्या, कमी उंचीच्या बांध्याचं सर्वांत जास्त आढळणारं जनुकीय कारण म्हणजे अकाँड्रोप्लेझिया. त्यात धड जवळपास इतरांएवढंच असतं, आखूड राहतात ते हातपाय. धडाचं वजन तेवढंच आणि भागायला उंची कमी, त्यामुळे आकडा फुगतो. बीएमआयचा हिशेब अशा बांध्यासाठी केलेलाच नाही.

हा आकडा उलट बाजूनेही फसवतो, हे पुण्यातूनच जगाला कळलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

मग कमी उंचीच्या माणसाने वजनाकडे बघूच नये का? बघायलाच हवं. अकाँड्रोप्लेझियात पोटाभोवती चरबी लवकर साठते. गंमत अशी, की पॅरिसच्या नेकर रुग्णालयातल्या मुलांच्या आणि तरुणांच्या पाहणीत पोट सुटूनही रक्तातली साखर वाढलेली दिसली नाही. लॅरॉन सिंड्रोम हा कमी उंचीचाच दुसरा एक आजार. तो असलेल्या इक्वाडोरमधल्या लोकांतही लठ्ठपणा आहे, मधुमेह जवळजवळ नाही. पण तो आजार वेगळा, त्याचं कारण वेगळं. यावरून निर्धास्त होऊ नये. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत अकाँड्रोप्लेझिया असलेल्यांमध्ये २५ ते ३५ या वयात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकांच्या दहापटीहून जास्त निघाले.

त्याहून रोजचा त्रास मणक्याचा. मणक्यातली पोकळी मुळातच अरुंद. त्यावर पोटाचं ओझं आलं की पाय बधिर होतात, थोडं चाललं की टेकावं लागतं. चालणं सुटतं, वजन आणखी वाढतं. झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास अडणंही वजनाबरोबर बळावतं. ज्या घरात आपलं माणूस असं घोरतं, तिथे ‘गाढ झोपलाय’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

ताटाबद्दल एवढंच, की लहान चणीच्या शरीराला इंधन कमी लागतं. घरात सगळ्यांना दोन भाकरी वाढल्या तरी अशा बाईला एक पुरते, आणि तिने ‘बास’ म्हटलं तर आग्रह करू नये. यात्रेला मासवडी खुशाल खावी. रोजच्या जेवणात मटकीची उसळ, पालेभाजी, ताक असावं, चहातली साखर कमी व्हावी. कांद्याची पाटी मात्र डोक्यावर देऊ नका. अशा माणसाच्या मानेला तो भार धोक्याचा असतो.

उंची-वजनाच्या तक्त्याऐवजी पोटाच्या घेराची आणि वजनाची स्वतःच्याच मागच्या मापाशी तुलना करायची: तीच टेप, तोच काटा, दर महिन्याला. साखर आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा. रक्तदाब मोजताना एक गोष्ट आवर्जून विचारा. दंड आखूड असला की मोठ्यांचा पट्टा नीट बसत नाही आणि आकडा चुकतो. योग्य मापाचा पट्टा नसेल, तर मनगटाच्या वर, हाताच्या पुढच्या भागावर मोजता येतं.