परभाषेची उजळणी

परभाषा शिकण्याचा उत्साह पुष्कळांना येतो, आणि पहिली पायरी चढून झाल्यावर कांहीं ना कांहीं कारणानें अभ्यास थांबतो, हाहि पुष्कळांचाच अनुभव आहे. अशा वेळीं नवें शिकण्यास सवड नसेल, तर शिकलेलें तेवढें तरी कसें टिकवावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणासाठीं मी जर्मन भाषा घेतों.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. जर्मनींत राहणाऱ्या माणसाच्या पत्नीस वा पतीस तेथें राहावयास जाण्यापूर्वीं, कांहीं अपवाद सोडल्यास, जर्मनचें प्राथमिक ज्ञान सिद्ध करावें लागतें. हा नियम २००७ सालापासूनचा आहे. युरोप परिषदेनें २००१ सालीं भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या, त्यांतील ‘ए-१’ नांवाची ही पहिली पायरी होय. परीक्षा आणि प्रस्थान यांच्यामध्यें महिनेच्या महिने जाऊं शकतात. परक्या देशांत पाऊल ठेवतांना हातांत प्रमाणपत्र आहे, पण दुकानदारापुढें तोंडून शब्द फुटत नाहीं, अशी स्थिति झाली तर खर्चिलेला पैसा आणि घेतलेले श्रम यांचा उपयोग काय?

विस्मरण कसें होतें, हें प्रथम पाहूं. हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञानें स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ सालीं प्रसिद्ध केले. तो निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करी, आणि कांहीं काळानें त्याच याद्या पुन्हां पाठ करण्यास किती कमी वेळ लागतो, तें मोजी. एका तासानंतर वेळाची बचत सुमारें ४४ टक्के होई, एका दिवसानंतर सुमारें ३४ टक्के, आणि ३१ दिवसांनंतर सुमारें २१ टक्के. म्हणजे विस्मरणाचा वेग आरंभीं फार असतो व पुढें मंदावतो; आणि महिना लोटला तरी पाटी अगदीं कोरी होत नाहीं.

एबिंगहाउसच्या याद्यांना अर्थ नव्हता. भाषेला अर्थ असतो. हॅरी बाहरिक ह्या अमेरिकन संशोधकानें शाळा-कॉलेजांत स्पॅनिश शिकलेल्या लोकांची परीक्षा घेतली. त्यांतील कांहींना तो विषय सोडून पन्नास वर्षें झालीं होतीं. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा कीं, पहिल्या तीन ते सहा वर्षांत ज्ञान झपाट्यानें घटतें, आणि त्यानंतर जें उरतें, तें पंचवीस-तीस वर्षें बहुतेक तसेंच राहतें. ज्याचें मूळ शिक्षण अधिक पक्कें, त्याची शिल्लकहि मोठी. ह्याचाच अर्थ, नवशिक्यानें अधिक जपलें पाहिजे. कारण त्याचा पाया कोवळा असतो. अभ्यास थांबतो, त्या दिवसापासूनच राखण सुरू व्हावी.

आतां ही राखण कशी करावी? जुनें पुस्तक काढून पानें चाळणें हा सर्वांना सुचणारा उपाय होय. पण तो फसवा आहे. पाढ्यांचें उदाहरण घ्या. दिवेलागणीला परवचा म्हणणारा मुलगा सातांचा पाढा घडाघडा म्हणतो. पण मध्येंच ‘सात अठ्ठे किती?’ असें विचारलें, कीं ‘सात एके सात’पासून पुटपुटूं लागतो. ओघांत ओळखणें निराळें आणि हवें तेव्हां आठवून काढणें निराळें. पान उघडलें म्हणजे शब्द ओळखीचे वाटतात, आणि आपल्याला सर्व येतें असा भास होतो. म्हणून पुस्तक मिटून आठवावें, आणि मगच तें उघडून पडताळावें.

ह्यासाठीं सेबास्टियान लाइटनर ह्या जर्मन लेखकानें १९७२ सालीं मांडलेली पेटीची रीत सोपी आहे. पुठ्ठ्याच्या पेटीला पांच कप्पे करावे. प्रत्येक चिठ्ठीवर एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस जर्मन लिहावें. मराठी वाचून जर्मन शब्द मोठ्यानें म्हणावा. बरोबर आला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यांत जावी, चुकला तर पहिल्या कप्प्यांत परतावी. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनीं, तिसरा आठवड्यानें, चवथा पंधरवड्यानें आणि पांचवा महिन्यानें पाहावा. नव्या चिठ्ठ्या घालूं नयेत. रोजचीं दहा मिनिटें पुरतात, आणि जो शब्द निसटूं पाहतो, तोच वारंवार समोर येतो.

चिठ्ठीवर नाम एकटें लिहूं नये; लिंगदर्शक शब्दासह लिहावें. मराठीप्रमाणें जर्मनमध्यें तीन लिंगें आहेत, पण तीं आपल्याशीं जुळतीलच असें नाहीं. आपली खुर्ची स्त्रीलिंगी, तर त्यांची ‘डेर श्टूल’ पुल्लिंगी. आपला सूर्य पुरुष, तर त्यांची ‘डी झोनं’ स्त्री. अशा ठिकाणीं स्मरण आधीं घसरतें.

उलट, जेथें दोन्ही भाषा जुळतात, तेथें मराठी माणसाला आधार आयताच मिळतो. इंग्रजींत आधीं वीस आणि मग एक. पण जर्मन ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिख’ म्हणजे ‘एक आणि वीस’, आपल्या एकवीसासारखेंच. ‘वाइल इख म्यूडं बिन’ ह्या गौण वाक्याचा क्रम पाहा: ‘कारण मी थकलेला आहें’. शब्दाखालीं शब्द बसतो, आणि क्रियापद शेवटीं येतें. असें एकेक पूर्ण वाक्य चिठ्ठीवर असलें, म्हणजे व्याकरणाचा नियमहि त्याच्या आश्रयानें राहतो.

आठवड्यांतून एकदां पूर्वीं शिकलेला एखादा धडा ऐकावा आणि मागोमाग म्हणावा. नव्या कठीण मजकुरापेक्षां ओळखीचा धडाच ह्या कामीं बरा, कारण येथें हेतु उच्चार जिभेवर ठेवण्याचा आहे.

उजळणें म्हणजे भांडें घासून लखलखीत करणें. घासल्यानें पितळेचें वजन वाढत नाहीं. तसें ह्या उजळणीनेंहि ज्ञान वाढणार नाहीं. पण अभ्यास पुन्हां सुरू होईल, त्या दिवशीं मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागणार नाहीं. जेथें पुस्तक मिटलें होतें, तेथूनच पुढचें पान उघडतां येईल.