हाड कसे घडते, झिजते आणि जुळते

अस्थिरोग विभागाच्या जमाखर्चाविषयी विश्वस्त व देणगीदार यांच्याकडून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. हाड मोडलेला रुग्ण काही दिवसांतच घरी जातो. मग पुढील तीन-चार महिने त्याच्या नावे क्ष-किरण तपासणी, प्लास्टर व व्यायामोपचार यांचा खर्च का दिसत राहतो? रुग्णांचे नातेवाईक हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात : दुखणे थांबले, सूज उतरली, मग पुन्हा पुन्हा कशाला बोलावता? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर हाडाच्या घडणीतच आहे. प्रस्तुत लेखक वैद्यक शाखेचा नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे समजून घेता आले, ते सर्वसामान्य वाचकांसाठी येथे सोप्या शब्दांत मांडीत आहे.

हाडाची रचना

हाड म्हणजे शरीरातील दगड, अशी आपली समजूत असते. वस्तुतः हाड ही रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि जिवंत पेशी यांनी युक्त अशी ऊती आहे. तिच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या क्षारांचा असतो. उरलेल्यात मुख्यत्वे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू आणि पाणी असते. सिमेंट-काँक्रीटच्या बांधकामाशी याची तुलना करता येईल. क्षारांमुळे हाडाला दाब सोसण्याची शक्ती येते, तर तंतूंमुळे ताण सोसण्याची. कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, तर क्षार विरघळून ते रबरासारखे वाकते. तेच हाड भट्टीत जाळले, तर तंतू जळून जातात. आकार तसाच राहतो, परंतु बोटाने दाबताच त्याचा चुरा होतो. क्षारांचा हा भाग दीर्घकाळ टिकतो. त्यामुळेच पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या अस्थी अभ्यासकांना मिळू शकल्या.

लांब हाड उभे चिरून पाहिले तर बाहेर घट्ट कवच आणि टोकांशी जाळीदार भाग दिसतो. मनुष्याच्या अस्थिसंस्थेच्या वजनापैकी सुमारे ८० टक्के भाग घट्ट हाडाचा व २० टक्के जाळीदार हाडाचा असतो. घट्ट हाडात सूक्ष्म नळ्यांभोवती एकात एक बसविलेल्या वर्तुळाकार थरांची रचना असते. या नळ्यांमधून रक्तवाहिन्या जातात. इंग्लंडमधील वैद्य क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. हाडाबाहेर जे पातळ आवरण असते त्याला पर्यस्थिकला म्हणतात. हाड जुळविण्याच्या कामी या आवरणाचा मोठा वाटा असतो.

हाड कसे तयार होते

गर्भावस्थेत हाडे दोन रीतींनी तयार होतात. कवटीची चपटी हाडे पातळ पडद्यातून थेट घडतात. हातापायांची लांब हाडे मात्र प्रथम कूर्चेच्या, म्हणजे कुरकुरीत लवचीक ऊतीच्या, साच्यात तयार होतात आणि मग हळूहळू त्या कूर्चेची जागा हाड घेते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पट्टा वयात येईपर्यंत शिल्लक असतो. उंची वाढते ती याच पट्ट्यामुळे. लहान मुलांच्या अस्थिभंगात या पट्ट्याला इजा झाल्यास पुढे हात किंवा पाय आखूड अथवा वाकडा वाढण्याची भीती असते. म्हणून मूल रडायचे थांबले तरी तपासणी टाळू नये, असे डॉक्टर आग्रहाने सांगतात.

जमा आणि खर्च

वाणिज्य शाखेच्या माणसाला सर्वांत जवळचा वाटावा असा भाग पुढेच आहे. हाडाचा हिशेब कधीही बंद होत नाही. हाडात तीन प्रकारच्या पेशी काम करतात. अस्थिभक्षक पेशी जुने, थकलेले हाड विरघळवून टाकतात. अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड रचतात. आणि हाडाच्या आत अडकून राहिलेल्या अस्थिपेशी कोठे भार पडतो, कोठे सूक्ष्म तडा गेला आहे याची खबर देतात. एका ठिकाणचे जुने हाड काढण्यास काही आठवडे लागतात, तर तेवढेच नवे हाड भरून पक्के होण्यास काही महिने. उचल लवकर होते, भरणा सावकाश होतो. प्रौढ माणसाच्या अस्थिसंस्थेपैकी दरवर्षी सुमारे दहावा हिस्सा असा नव्याने घडतो.

शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठविलेले असते. हृदय व स्नायू यांच्या कार्यासाठी रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण ठरावीक राखावेच लागते. आहारातून ते मिळाले नाही, तर शरीर हाडांतील ठेव मोडते. तिशीच्या सुमारापर्यंत जमेची बाजू वरचढ असते. पुढे खर्च वाढतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत तो झपाट्याने वाढतो. वृद्ध स्त्री अंगणात नुसती घसरून पडते व खुब्याचे हाड मोडते, याचे मूळ अनेकदा वीस-पंचवीस वर्षे मागे असते.

भार पडेल तेथे हाड बळकट होते आणि भार नाहीसा होईल तेथे ते विरते, हा नियम जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. अंतराळात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता दरमहा एक टक्का किंवा थोडी अधिक घटते, हा त्याचा आधुनिक पुरावा. सिद्धगडच्या परिसरात डोक्यावर मोळी व हंडे घेऊन चढ-उतार करणाऱ्या भगिनींना या नियमाचा लाभ मिळतो. परंतु आहारात पुरेसे कॅल्शियम नसेल, तर केवळ श्रमाने ठेव वाढत नाही. या बाबतीत आपल्या डोंगराळ भागाचे जुने धान्य उपयोगी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच वजनाच्या पॉलिश केलेल्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम असते. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज १००० मिलिग्रॅम मानली जाते. तीळ, सुकट व पालेभाज्या यांतूनही कॅल्शियम मिळते. ते शरीरात शोषले जाण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व हवे, आणि ते त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून तयार होते. त्याच्या अभावी मुलांना मुडदूस होतो.

मोडलेले हाड कसे जुळते

शरीरातील बहुतेक जखमा व्रण ठेवून भरतात. हाड मात्र पुन्हा हाडानेच भरून येते. हे काम चार टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात मोडलेल्या जागी रक्त साखळते व सूज येते. ही सूज म्हणजे दुरुस्तीची सुरुवात होय. दुसऱ्या टप्प्यात, साधारण दोन-तीन आठवड्यांत, दोन्ही टोकांना कूर्चा व तंतू यांचा मऊ सांधा धरतो. याच वेळी वेदना कमी होते, आणि याच वेळी सर्वाधिक धोका असतो. कारण हा सांधा भार सोसू शकत नाही. तिसऱ्या टप्प्यात त्या कूर्चेचे कठीण हाडात रूपांतर होते. त्यास सहा ते बारा आठवडे, मांडी किंवा नडगीच्या हाडास प्रौढ वयात त्याहूनही अधिक काळ लागतो. चौथा टप्पा म्हणजे ओबडधोबड जोडाला मूळ आकार देण्याचा. तो कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षे चालतो. तंबाखू व विडी, अनियंत्रित मधुमेह आणि कुपोषण यांमुळे हे सर्व टप्पे लांबतात.

सळई किंवा पट्टी बसविली म्हणजे हाड जुळले, असाही एक समज आहे. सळई ही केवळ टेकू असते. जोड शरीरच घालते. या शक्तीचा विलक्षण उपयोग रशियातील कुर्गान येथील डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी करून दाखविला. हाड कापून, बाहेरून बसविलेल्या कड्यांच्या साहाय्याने त्याची टोके दररोज एक मिलिमीटर इतकी दूर नेली, तर मधल्या जागेत नवे हाड तयार होते, हे त्यांनी सिद्ध केले. एक मिलिमीटरची ही चाल हाडाच्या संयमाची कल्पना देते.

जुने ज्ञान आणि आजची दक्षता

आपल्या देशात अस्थिभंगाच्या उपचारांची परंपरा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार, अस्थिभंगाचे बारा व सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. तरुण वयात हाड जुळण्यास जो काळ लागतो त्याच्या दुप्पट मध्यम वयात व तिप्पट उतारवयात लागतो, असेही सांगितले आहे. बंध सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असल्यास सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो, हा त्यातील इशारा तर आजही प्रत्येक घरी माहीत असावा असा आहे. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेल्या हाताचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडू शकतो, आणि मग साध्या अस्थिभंगापायी हात कायमचा निकामी होतो किंवा कापावा लागतो. बोटे थंड किंवा निळी पडणे, मुंग्या येणे, बोटे सरळ करताना असह्य कळ येणे ही लक्षणे दिसताच पट्टी किंवा प्लास्टर कोणीही बांधलेले असो, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. हाड त्वचेबाहेर आले असल्यास जखमेवर हळद, राख, पाला काहीही न लावता स्वच्छ फडके बांधून तातडीने आणावे. कारण हाडात शिरलेला जंतुसंसर्ग वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही.

पाठपुरावा हाच उपचार

२ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनी जेथे हौतात्म्य पत्करले, तो हा सिद्धगडचा परिसर. येथील अनेक वाड्यापाड्यांतून आजही रुग्णास झोळीतून किंवा डोलीतून सडकेपर्यंत आणावे लागते. आषाढात भातलावणी थांबत नाही, म्हणून प्लास्टर घरीच कापले जाते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि फेरतपासणीची तारीख मागे राहते. ही बेफिकिरी नव्हे. रोजगार बुडाला तर घरची चूल पेटत नाही, हे त्यामागचे कारण आहे. परंतु तिसऱ्या टप्प्याआधीच भार पडलेले हाड वाकडे जुळते किंवा जुळतच नाही, आणि मग ज्या रोजगारासाठी घाई केली तोच कायमचा हातचा जातो.

धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवण्याचा नियम आहे. तो आवश्यकच आहे. परंतु अस्थिरुग्णाच्या बाबतीत खाट रिकामी होते तेव्हा हाडाचे काम नुकते सुरू झालेले असते. म्हणून फेरतपासणीचे गाडीभाडे, दुसरा व तिसरा क्ष-किरण, कुबड्या आणि व्यायामोपचार यांसाठी दिलेली देणगी ही शस्त्रक्रियेस दिलेल्या देणगीइतकीच मोलाची आहे. शस्त्रक्रियेचे दान त्याशिवाय अपुरे राहते.

रुग्णांच्या कुटुंबीयांस नम्र विनंती अशी की, दुखणे थांबल्याचा दिवस हा हाड जुळल्याचा दिवस समजू नये; तो क्ष-किरण पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्यावा. भट्टीवर किंवा परगावी जावयाचे असल्यास जाण्यापूर्वी कळवावे, म्हणजे तेथून जवळच्या दवाखान्यात तपासणी करून घेण्यासाठी कागदपत्रे देता येतील. विश्वस्त व देणगीदार यांनी अस्थिरोग विभागाचा खर्च वाचताना या दीर्घ मुदतीचा विचार करावा, ही प्रार्थना.