पट्ट्यांवरची ताकद : लेखांक ६
वळण्याची विद्या

जड ओझे मागे घेऊन जुना क्रॉलर ट्रॅक्टर तीव्र उतारावरून खाली येत आहे. उजवीकडे वळायचे म्हणून चालक उजवा लिव्हर ओढतो आणि ट्रॅक्टर डावीकडे वळू लागतो. नवखा माणूस अशा वेळी घाबरतो. त्याला वाटते, काहीतरी तुटले. तुटलेले काहीच नसते. यंत्र आपल्या रचनेशी इमान राखून चाललेले असते.

पट्ट्यांवर चालणाऱ्या क्रॉलरला वळवण्यासाठी पुढे चाके नसतात. गिअरबॉक्समधून आलेली ताकद मागच्या आडव्या शाफ्टवर येते. त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्लच, एकेक ब्रेक आणि त्यापुढे स्प्रॉकेट, म्हणजे पट्टा ओढणारे दातेरी चाक, फिरवणारे मोठे गिअर असतात. उजवा लिव्हर ओढला की उजवा क्लच सुटतो, त्या बाजूचा पट्टा मागे पडतो आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. हे सपाटीवर. उतारावर मात्र इंजिन पट्ट्यांना पुढे लोटत नसते, उलट रोखून धरत असते. तिथे क्लच सोडला की रोखणाराच नाहीसा होतो. ओझ्याच्या रेट्याने उजवा पट्टा मोकळा धावतो, डावा मात्र इंजिनच्या ताब्यात राहतो आणि ट्रॅक्टरचे नाक डावीकडे फिरते. म्हणून जाणते चालक उतारावर उलटा लिव्हर ओढत, किंवा लिव्हरच्या जोडीला त्याच बाजूचा ब्रेक दाबत.

कॅटरपिलरच्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत हीच रचना आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँडच्या रोलिन व्हाइट यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांच्या कंपनीचे ट्रॅक्टर ‘क्लेट्रॅक’ या नावाने विकले जात. त्यांत बाजूचे क्लच नव्हतेच. त्यांच्या जागी होता तेलात बुडालेला नियंत्रित डिफरन्शियल. लिव्हर ओढला की एका ड्रमभोवतीचा पट्टी-ब्रेक आवळला जातो, आतले छोटे गिअर त्यामुळे फिरू लागतात, त्या बाजूचा वेग उतरतो आणि तेवढाच वेग दुसऱ्या बाजूला चढतो. शेताच्या बांधाशी जोडी वळवताना कसलेला औतकरी आतल्या बैलाला थांबवत नाही, नुसता आवरतो. क्लेट्रॅकचे वळणे तसे आहे. ताकद दोन्ही पट्ट्यांना अखंड मिळत राहते. मऊ जमिनीत वळतानाही ओढ सुटत नाही आणि उतारावर दिशा उलटत नाही.

त्याची किंमतही आहे. आतला पट्टा ठरावीक प्रमाणातच मंदावतो, पूर्ण थांबत नाही. म्हणून हा ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन फिरू शकत नाही, त्याला वळायला ऐसपैस जागा लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी शर्मन रणगाड्यात याच जातीचा नियंत्रित डिफरन्शियल होता. नांगराच्या कामासाठी घडलेली ही विद्या रणांगणापर्यंत पोचली, यातच तिची ताकद कळते.

इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९४७ मध्ये टीडी-२४ आणला, तेव्हा दोन्ही रचनांचे गुण एकत्र करण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्र दुहेरी वेगाचा प्लॅनेटरी गिअर. एक बाजू जलद, दुसरी मंद ठेवली की ताकद न तोडता सौम्य वळण. एक बाजू पूर्ण सोडून ब्रेक दाबला की कडक वळण. कल्पना उत्तम होती, पण सुरुवातीच्या यंत्रांत बिघाड फार झाले आणि कंपनीच्या लौकिकाला धक्का बसला. त्याच वर्षी ॲलिस-चाल्मर्सने एचडी-१९ मध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसवला. तेलाच्या माध्यमातून ताकद पोचवणारी ही रचना ओझ्याप्रमाणे वेग आपोआप कमी-जास्त करते, त्यामुळे सारखे गिअर बदलण्याचा त्रास वाचतो. पुढे डोझरांच्या जगात टॉर्क कन्व्हर्टर चांगलाच रुजला.

आता यातला एखादा ट्रॅक्टर पुन्हा उभा करायचा आहे, असे समजू. हौशी माणूस आधी इंजिनकडे धावतो. इंजिन सुरू झाले, धूर निघाला की त्याला अर्धी लढाई जिंकल्यासारखे वाटते. खरे तर सुरुवात मागून व्हायला हवी. उघड्यावर उभ्या असलेल्या कॅटरपिलरमध्ये बाजूचे क्लच हटकून जाम झालेले असतात. हे क्लच कोरडे असतात, त्यात एकाआड एक अनेक चकत्या असतात. पावसाचे पाणी आत उतरते आणि चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. मग लिव्हर ओढूनही क्लच सुटत नाही आणि ट्रॅक्टर नाकासमोर चालत राहतो. यावर जुना उपाय असा की लिव्हर ओढलेल्या स्थितीत बांधून ठेवायचा, ट्रॅक्टर चालवायचा आणि त्या बाजूच्या ब्रेकवर हिसके द्यायचे. कधी चकत्या सुटतात. नाही सुटल्या तर सगळा मागचा भाग उघडावा लागतो. उलटा दोषही आढळतो: सील गेले की स्प्रॉकेटकडच्या मोठ्या गिअरमधले तेल कोरड्या क्लचमध्ये शिरते आणि चकत्या घसरू लागतात. क्लेट्रॅकचा डिफरन्शियल तेलात असल्याने तो असा गंजून बसत नाही. तिथे झिजतात त्या ब्रेकच्या पट्ट्या.

सुटे भाग मागवण्याआधी क्रमांकाची पाटी वाचायला हवी. ‘डी२ आहे’ एवढ्याने काही कळत नाही. १९३८ ते १९५७ या काळात कॅटरपिलर डी२ दोन रुंदींत निघाला. दोन पट्ट्यांच्या मध्यांमधले अंतर ४० इंच किंवा ५० इंच. क्रमांकाच्या सुरुवातीला ३जे असेल तर जुना अरुंद, ५जे असेल तर जुना रुंद. १९४७ पासून त्यांची जागा ४यू आणि ५यू यांनी घेतली. अरुंद ट्रॅक्टर फळबागांच्या ओळींतून जात, रुंद ट्रॅक्टर उतारावर अधिक भक्कम उभे राहत. ‘जे’ मालिकेतल्या इंजिनच्या सिलिंडरचा व्यास पावणेचार इंच, ‘यू’ मालिकेतला चार इंच. बाहेरून सारखा वाटणारा पिस्टन म्हणूनच आत बसत नाही.

क्लेट्रॅकच्या एचजी या छोट्या ट्रॅक्टरचे प्रकार तर आणखी. त्याच्या नावापुढचे ४२, ६० आणि ६८ हे आकडे पट्ट्यांमधले अंतर इंचांत सांगतात. त्याचा एक भाऊ एचजीआर रबरी पट्ट्यांवर चालत असे. रबर ताणले जाई, टिकत नसे, म्हणून त्यांतल्या बहुतेकांना पुढे पोलादी पट्टे चढवले गेले. आज रबरी पट्ट्यांसह मूळ रूपात असलेला एचजीआर मिळणे म्हणजे भाग्यच. क्लेट्रॅक १९४४ मध्ये ऑलिव्हर कंपनीकडे गेली आणि एचजीचाच वारसा घेऊन १९५१ मध्ये ओसी-३ आला. त्यामुळे हिरव्या ऑलिव्हरच्या पोटातही व्हाइट यांचाच डिफरन्शियल सापडतो.

भारताचाही या यंत्रांशी जुना संबंध आहे. मध्य भारतात कांस गवताने हजारो एकर जमीन गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल की बैलांचा नांगर तिथे हरतो. स्वातंत्र्याच्या सुमारास स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने अमेरिकी सैन्याचे युद्धानंतर उरलेले क्रॉलर या कामाला जुंपले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेती-यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेही प्रामुख्याने याच जमिनी मोकळ्या करण्यासाठी. त्या पिढीची यंत्रे पुढे बहुतेक भंगारात गेली. एखादे कुठे गंजत उभे असेल, तर त्याची पाटी उचकटून विकण्याआधी तिच्यावरची अक्षरे उतरवून घेतली पाहिजेत.

पुनरुज्जीवन करणाऱ्यांमध्ये एक वाद कायम आहे. ५जेच्या सांगाड्यात ५यूचे इंजिन बसवावे का? चालवण्यापुरता ट्रॅक्टर हवा असेल तर बसवावे, त्यात गैर काही नाही. पण गिअरबॉक्स आणि वळणाची यंत्रणा मूळचीच राखावी, मग क्लचच्या चकत्या नव्याने घडवाव्या लागल्या तरी चालेल. इंजिने एका यंत्रातून दुसऱ्यात जात आलीच आहेत. व्हाइट आणि कॅटरपिलर यांचे भांडण मात्र मागच्या त्या पोलादी पेटीतच आहे, आणि ती पेटी बदलली की लिव्हर हातात घेणाऱ्याला ते कधीच जाणवणार नाही.

पुढील लेखांकात : पट्टे, रोलर आणि झिजलेल्या पिना.