लेट फी : हक्काची माफी आणि सौजन्याची माफी



भिवंडीच्या सूतबाजाराला उधारी नवी नाहीं. यंत्रमागाचा कारखानदार सूत उचलतो तें बहुधा मुदतीवर. त्या सुताचें कापड होतें, कापड दलालामार्फत पेढीवर जातें, आणि तिकडून पैसे आले म्हणजे सुताचा हिशेब पुरा होतो. मुदत टळली तर टळलेल्या दिवसांचें व्याज द्यावें लागतें, हें देणाऱ्यालाही ठाऊक असतें आणि घेणाऱ्यालाही. तरी पण, "शेठ, वीस वर्षांचा व्यवहार आहे, चार दिवसांचें काय धरून बसतां?" असें म्हणावयाची तेथें सोय असते, आणि पुष्कळदां शेठ तेवढे चार दिवस सोडूनही देतो.

क्रेडिट कार्ड हीही उधारीच. आपल्या देशांत सेंट्रल बँकेनें १९८० सालीं असें कार्ड काढलें, तेव्हां तें मोजक्या लोकांच्या खिशांत असे. आज तें शाळामास्तरांपासून कारखानदारांपर्यंत पुष्कळांच्या खिशांत आहे. येथेंही मुदत असते, आणि मुदत टळली कीं दंड असतो. त्यालाच आपण लेट फी म्हणतों. मात्र येथें गादीवर बसलेला शेठ समोर दिसत नाहीं. त्यामुळें माफी मागावी ती कोणाजवळ, कोणत्या शब्दांत, आणि ती मागण्याचा आपणांस अधिकार तरी आहे काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचाच आज थोडा विचार करूं.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या शेजारचे एक कारखानदार रात्रीं जेवणानंतर एक पाकीट घेऊन माझ्याकडे आले. जुने माग मोडीत काढून नवे बिनधोट्याचे माग बसवावे असा त्यांचा बेत होता, आणि त्यासाठीं त्यांनीं एका बँकेकडे कर्जाचा अर्ज केला होता. तो अर्ज अडला होता. कारण विचारतां बँकेच्या अधिकाऱ्यानें त्यांच्यापुढें त्यांचा पतअहवाल ठेवला, ज्याला लोक नुसतें 'सिबिल' म्हणतात, आणि त्यांतील एका ओळीवर बोट ठेवलें. एका क्रेडिट कार्डाची बाकी ओळीनें तीन महिने थकलेली होती.

मूळ प्रकार असा घडला होता. त्यांचें वीस हजार रुपयांचें बिल होतें. पेढीकडून कापडाचे पैसे उशिरां आले, म्हणून तें बिल त्यांनीं देय तारखेनंतर नवव्या दिवशीं भरलें. पुढील हिशेबपत्रकांत ७५० रुपये लेट फी, तिजवर १८ टक्क्यांप्रमाणें १३५ रुपये वस्तू व सेवा कर, आणि वर व्याज, अशा रकमा लागून आल्या. हे गृहस्थ संतापले. "मुद्दल मीं पुरतें भरलें आहे. हा दंड मी देणार नाहीं," असें म्हणून त्यांनीं कार्ड कपाटांत टाकलें आणि स्वस्थ बसले. ना कोणास फोन केला, ना पत्र लिहिलें. पैसे न देणें हाच आपला निषेध, अशी त्यांची समजूत. पण कंपनीच्या हिशेबयंत्राला निषेध कळत नाहीं. त्याला थकबाकी तेवढी कळते. दरमहा नवी फी चढत गेली, आणि दरमहा अहवालांत एकेक नोंद होत गेली. ८८५ रुपयांच्या रागापायीं लाखों रुपयांचें कर्ज अडून बसलें.

ही हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, लेट फीसंबंधीं पहिली गोष्ट हीच ध्यानांत ठेवावयास हवी : या प्रकरणांत फी हा सर्वांत लहान तोटा आहे. तिच्या मागें व्याज उभें असतें. बिल मुदतींत पुरतें भरलें नाहीं तर बिनव्याजी दिवसांची सवलत जाते, आणि व्याज देय तारखेपासून नव्हे, तर खरेदी केल्या दिवसापासून मोजलें जातें. दरमहा साडेतीन टक्के हा दर ऐकावयास किरकोळ वाटतो. वर्षाचा हिशेब केला तर तो ४२ टक्के होतो. वीस हजारांवर एका महिन्याचें हें व्याज ७०० रुपये झालें, आणि त्यावरही कर आहेच. या दरांना कोठें तरी मर्यादा असावी, असा विचार राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं केला होता, आणि वर्षाला ३० टक्क्यांवर व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. पण सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें तो निर्णय रद्द केला. तेव्हां न्यायालयानें घालून दिलेल्या मर्यादेचा आधार आज कार्डधारकाला नाहीं. व्याजाच्याही मागें पतीची नोंद उभी असते, आणि ती तर पैशांनीं पुसतां येत नाहीं.

म्हणून माफी मागावयाची असो वा भांडावयाचें असो, आधीं बाकी भरून टाकावी. भरतांना "ही रक्कम मान्य नसतांही भरीत आहें" असें लेखी कळवावें. म्हणजे भरल्यानें आपली तक्रार बुडत नाहीं.

यानंतर दुसरी गोष्ट. माफीचे प्रकार दोन आहेत, आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. एक माफी हक्काची. म्हणजे फी मुळांत लागतच नव्हती, ती चुकून लागली. येथें आपण दया मागत नाहीं, चूक दुरुस्त करावयास सांगतों. दुसरी माफी सौजन्याची. म्हणजे विलंब खरोखर आपल्याकडून झाला, फी नियमाप्रमाणेंच लागली, पण जुना संबंध लक्षांत घेऊन ती सोडावी अशी विनंति आपण करतों. हक्काच्या ठिकाणीं विनवण्या केल्या तर हक्क दुबळा होतो. आणि विनंतीच्या ठिकाणीं कायद्याची भाषा वापरली तर विनंति फुकट जाते.

हक्काची प्रकरणें कोणतीं, तें रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालच्या एप्रिलमध्यें काढलेल्या निर्देशांवरून आणि २०२४ सालीं त्यांत केलेल्या दुरुस्तीवरून समजतें. त्यांत असें सांगितलें आहे कीं, देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्याखेरीज कार्ड देणाऱ्या संस्थेनें लेट फी लावूं नये, आणि पतअहवालासाठीं थकबाकीची नोंदही कळवूं नये. म्हणजे देय तारीख १८ असेल आणि पैसे २० तारखेस जमा झाले, तर फी लागावयास नको. गंमत अशी कीं, हे तीन दिवस आपल्या व्यापाऱ्यांना अगदीं अपरिचित नाहींत. १८८१ सालच्या परक्राम्य संलेख कायद्यांतही मुदतीची वचनचिठ्ठी वा विनिमयपत्र त्यांत देय म्हणून लिहिलेल्या दिवसानंतर तिसऱ्या दिवशीं देय होतें, असें कलम आहे. मात्र कार्डाच्या बाबतींत ही सवलत दंडापुरती आहे, व्याजासाठीं नव्हे.

त्याच निर्देशांत आणखी असें आहे कीं, व्याज सुरू होण्यापूर्वीं बिल भरण्यास ग्राहकाला निदान एक पंधरवडा मिळाला पाहिजे. फी जी लावावयाची ती देय तारखेनंतर उरलेल्या बाकीवर लावावी, सबंध बिलाच्या रकमेवर नव्हे. आणि न भरलेली फी मुद्दलांत मिळवून तिच्यावर चक्रवाढ करूं नये. याखेरीज, खात्यांत पुरेसे पैसे असून आणि आपोआप वळते करण्याची आपली आज्ञा असूनही बँकेनेंच ते वळते केले नाहींत, तर तो दोष आपला नव्हे. अशा कोणत्याही प्रकरणांत पत्र चार ओळींचें असावें : देय तारीख अमुक, भरणा जमा झाल्याची तारीख अमुक, भरण्याचा क्रमांक अमुक, सबब ही फी लागू होत नाहीं, ती करासह परत जमा करावी. बिलाविषयीं ग्राहकानें हरकत घेतली तर तीस दिवसांच्या आंत खुलासा करणें हें संस्थेचें कर्तव्य आहे.

आतां सौजन्याची माफी. ती मिळेलच असें नाहीं. पण मागितल्यावांचून मिळत नाहीं, हें खास. शिरस्ता असा ठेवावा कीं, बाकी भरल्याबरोबर, त्याच आठवड्यांत, कार्डाच्या मागें छापलेल्या क्रमांकावर फोन करावा, बोलणाऱ्याकडून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि मागाहून तोच मजकूर लेखी पाठवावा. कारण सांगावयाचें तें खरें आणि एकच सांगावें. आजारपण, प्रवास, गिऱ्हाइकाची अडचण अशीं तीनतीन कारणें एकत्र आलीं कीं वाचणाऱ्याचा कोणत्याच कारणावर विश्वास बसत नाहीं. माझ्या शेजाऱ्यांना मीं जें पत्र लिहून दिलें, तें असें होतें :

"महाशय, माझ्या कार्डाचें अमुक महिन्याचें बिल मीं देय तारखेनंतर नवव्या दिवशीं पूर्ण भरलें. गिऱ्हाइकाकडील पैसे उशिरां आल्यामुळें हा विलंब झाला, व तो माझ्याकडूनच झाला. त्यानंतर लागलेली फी मीं वेळेवर भरली नाहीं, ही माझी चूक झाली; आज ती सर्व बाकी भरली असून भरण्याचा क्रमांक सोबत आहे. त्यापूर्वींचीं सहा वर्षें माझें एकही बिल उशिरां गेलेलें नाहीं. तरी पहिल्या विलंबाबद्दल लावलेली ७५० रुपयांची फी व तिजवरील १३५ रुपयांचा कर सौजन्य म्हणून परत जमा करावा, ही विनंति."

या पत्रांत एक गोष्ट मुद्दाम केली आहे. सगळें माफ करा असें त्यांत म्हटलें नाहीं. एकच रक्कम, तिच्या आंकड्यासह मागितली आहे. "कांहीं तरी करा" या विनंतीला उत्तर देणें कठीण. "हे ८८५ रुपये परत करा" या विनंतीला होय किंवा नाहीं म्हणावेंच लागतें. आणि सहा वर्षांच्या चोख व्यवहाराचा उल्लेख हें या पत्राचें खरें बळ आहे. असा ग्राहक आठशें रुपयांपायीं गमवावा काय, हा विचार कंपनीलाही करावा लागतो. ज्याचें बिल दर दोन महिन्यांनीं उशिरां जातें, त्याच्यापाशीं हें बळ नसतें. म्हणून ही विनंति क्वचित् वापरण्याची आहे.

हक्काची तक्रार नाकारली गेली, किंवा तीस दिवसांत उत्तरच आलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. त्यासाठीं वकील लागत नाहीं, शुल्कही लागत नाहीं. आणि लेखी तक्रार मराठींतही चालते. परंतु सौजन्याची माफी नाकारली म्हणून लोकपालाकडे जाण्यांत अर्थ नाहीं. कारण संस्थेच्या निव्वळ व्यापारी निर्णयांत तो हात घालीत नाहीं. दोन प्रकारांतील भेद पहिल्या पत्रापासूनच स्पष्ट ठेवावा असें मी म्हणतों, तें याकरितां.

येथें एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. "तुमची लेट फी माफ झाली आहे, फक्त मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा," असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. पैसे परत जमा करण्यासाठीं कोणतीही प्रामाणिक संस्था आपला गुप्त क्रमांक विचारीत नाहीं. फोन आपण करावा, आणि तो कार्डावर छापलेल्या क्रमांकावरच करावा.

शेवटीं, विलंबच होऊं नये यासाठीं एक सोय आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. बिलाचें चक्र आपल्या सोयीनें निदान एकदां बदलून मागण्याचा पर्याय त्याच निर्देशांनीं ग्राहकाला दिला आहे. पगारदाराचे पैसे पहिल्या आठवड्यांत येतात, व्यापाऱ्याचे कदाचित् पंधरवड्यानंतर. पैसे येण्याची तारीख आणि देण्याची तारीख यांचा मेळ घातला, तर निम्मीं प्रकरणें उद्भवणारच नाहींत.

माझ्या शेजाऱ्यांची हकीकत पुरी करतों. त्यांचे ८८५ रुपये दीड महिन्यानें परत जमा झाले. पतअहवालांतील नोंद मात्र राहिली. नोंद खोटी असती तर ती दुरुस्त करून मागतां आली असती; तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाहीं तर त्यापुढें दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, असा नियम २०२४ सालच्या एप्रिलपासून लागू झाला. पण त्यांची नोंद खरी होती, आणि खरी नोंद कोणाच्या सौजन्यानें पुसली जात नाहीं. कर्ज त्यांना अखेर दुसरीकडे मिळालें, पण थोड्या चढ्या दरानें, आणि ठरविले होते त्यांच्या निम्मेच माग बसले. परवां ते सहज म्हणाले, "सूतवाल्या शेठकडे मी चार दिवसांसाठीं स्वतः जाऊन बोललों असतों. येथेंच गप्प कां बसलों, कोण जाणे!"

त्यांच्या या उद्गारापलीकडे मला अधिक कांहीं सांगावयाचें नाहीं.