षड्ज घर बदलतो तेव्हा (लेखांक 6)

गेल्या आठवड्याचा लेखांक वाचून उधन्याहून एका वाचकांचा फोन आला. म्हणाले, “सोनाटा म्हणजे काय ते सांगितलंत, पण कानाला तो ओळखू कसा येतो, ते राहिलं.” तक्रार रास्त आहे. म्हणून आज एकच रचना घेऊ, तिचाही फक्त पहिला भाग, आणि तो पेटी पुढ्यात ठेवून पाहू. आमच्या लिंबायतच्या भजनी मंडळाची पेटी एकादशी सोडली तर माझ्याच घरी असते. तिच्यावर हे सगळं वाजवून बघितलं आहे. अडचण एकच. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर अडकलेला असतो आणि पियानोला दोन्ही हात लागतात. तेव्हा डाव्या हाताचं काम मी पेटीवर केलं आणि उजव्या हाताचं शेजारच्या मुलाने त्याच्या कॅसिओवर.

रचना आहे मोत्झार्टची, के. 545. ‘के’ म्हणजे क्योखेल. या गृहस्थांनी 1862 मध्ये मोत्झार्टच्या रचनांची क्रमवार यादी छापली, तिच्यातला हा आकडा. मोत्झार्ट स्वतःही वही ठेवायचा. त्या वहीत या सोनाटावर 26 जून 1788 ही तारीख आहे आणि ‘शिकाऊंसाठी छोटा सोनाटा’ अशा अर्थाची नोंद. त्याच तारखेला त्याने ई फ्लॅटमधली अख्खी सिंफनीही नोंदवली आहे. हा सोनाटा त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. तो गेला 1791 मध्ये आणि हा बाहेर आला 1805 मध्ये.

सुरतेत बसून पियानोवर काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण पियानोची एक आजी याच वाटेने आग्र्याला गेली आहे. 1612 मध्ये कॅप्टन बेस्टची इंग्रज जहाजं सुवाळीच्या बंदरात लागली. तिथून पॉल कॅनिंग नावाचा माणूस राजाचं पत्र घेऊन जहांगीराच्या दरबारी निघाला. त्याच्यासोबत एक कॉर्नेट फुंकणारा होता आणि एक व्हर्जिनल वाजवणारा. व्हर्जिनल म्हणजे पट्ट्यांची पेटीच, पण आत तारा, आणि पट्टी दाबली की तार छेडली जाते. बादशहाला कॉर्नेट आवडला, व्हर्जिनलकडे त्याने फारसं लक्ष दिलं नाही. मला त्यात नवल वाटत नाही. ज्याच्या कानात एकच षड्ज मुरलेला आहे त्याला त्या वाद्याची गंमत पहिल्या बैठकीत कळणं कठीण.

आजचा सगळा विषय तोच आहे: षड्ज.

पेटी पांढरी एकला लावा. मोत्झार्टची सुरुवातही तिथेच आहे, पाश्चात्त्य भाषेत सी मेजर, आपल्या भाषेत बिलावल. पहिला आशय असा: सा लांब, मग ग, प. खालचा नि लांबवून पटकन सा रे आणि सा. मग ध लांब, प, वरचा सा. शेवटी प, कंप दिलेला म, आणि ग. संपलं. मोजलंत तर चार-चार मात्रांचे चार खंड भरतात, म्हणजे तीनतालाचं नेमकं एक आवर्तन. आठव्या आणि सोळाव्या मात्रेला उजवा हात गप्प असतो, श्वास घेतो. ज्याने ही मांडणी केली त्याला गाणं माहीत होतं, हे त्या दोन रिकाम्या मात्रांवरून कळतं.

आता डावा हात. तो वाजवतो सा प ग प, सा प ग प. पुढच्या खंडात रे प म प, आणि परत सा प ग प. कॉर्डचे तीन स्वर एकदम न दाबता असे सुटे करून फिरवायचे, या पद्धतीला डोमेनिको आल्बेर्ती या इटालियन संगीतकाराच्या नावावरून आल्बेर्ती बेस म्हणतात. गणपतीत मंडपातला कॅसिओवाला बटण दाबून जी आपोआप साथ सुरू करतो, तिच्या पूर्वजांतली ही एक. आपल्या कानाला मात्र ती तंबोऱ्यासारखी लागते. पंचमात नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार आपसूक ऐकू येतो. मोत्झार्टचा डावा हात तोच गंधार बोटाने उघड वाजवून दाखवतो. फरक पुढे आहे. आपला तंबोरा मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही, हा तंबोरा चालता आहे.

आशय संपला की उजवा हात धावायला लागतो. धपासून वरच्या धपर्यंत चढून परत, मग पपासून तसंच, मग मपासून, मग गपासून. हे पलटे आहेत, सकाळी रियाजाला बसणारा कुठलाही विद्यार्थी ओळखेल. आणि इथेच बहुतेक शिकाऊ वादक घोटाळा करतात: पलटे दिसले की ते पलट्यांसारखे वाजवतात, एकसुरी. खरं तर दर खंडाला धावेचं पहिलं पाऊल एकेक पायरी खाली येतंय. ती पायऱ्यांची रेघ ऐकू आली पाहिजे. नाहीतर उधन्याच्या कारखान्यात माग चालतो तसं नुसतं खटाखट होतं.

बाराव्या खंडाशी सगळं एका ठिकाणी येऊन थांबतं, पांढरी पाचवर. आपल्या दृष्टीने हा पंचम, आणि पंचमावर थांबणं म्हणजे अर्धविराम. त्यानंतरचा एक खंड नुसती झुलती साथ चालते, आशय नाहीच. चौदाव्या खंडात दुसरा आशय येतो आणि आपल्या पायाखालची सतरंजी कुणीतरी अलगद ओढून घेतं. थांबताना जो पंचम होता, तो पुन्हा सुरू होताना षड्ज झालेला असतो! कुणी काही जाहीर करत नाही. पांढरी पाच तीच, तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते. पांढऱ्या पाचला सा मानलं की तिचा शुद्ध निषाद काळ्या तीनवर येतो. जुन्या षड्जाच्या हिशेबाने हा तीव्र मध्यम. नवा आशय वरून खाली उतरतो, प ग सा. पहिला खालून वर चढला होता.

पुष्कळ जण पहिल्या आशयाला स्थायी आणि दुसऱ्याला अंतरा म्हणून मोकळे होतात. मला ही तुलना फसवी वाटते. अंतरा कितीही वर गेला तरी षड्ज तोच राहतो, आणि त्या वरच्या षड्जाला भिडणं हीच त्याची शान. इथे गाणारा उंच जात नाही, तो बिऱ्हाड बदलतो. जवळची तुलना हवीच असेल तर षड्जचालनाची आहे, पण तेही आपण रंगत म्हणून क्षणभर करतो. सोनाटात त्याच्यावर इमारत उभी असते.

हिशेबाची एक गंमत सांगतो. तो आशयाविना झुलणारा तेरावा खंड तीनतालाच्या मोजणीत जादाचा आहे, तबलजी तिथे नक्की चुकेल. पण या पहिल्या हिश्शाचा शेवटचा तुकडा तीनच खंडांचा आहे, एक खंड कमी. घेतलेली उसनवारी फिटते आणि एकूण भरतात 28 खंड, म्हणजे बरोबर सात आवर्तनं. तीनताल मोत्झार्टच्या गावीही नव्हता, हे उघड आहे. चाराच्या पटीत श्वास घेणाऱ्या संगीतात असं होतं. तरी मोजून झाल्यावर मी पेटीवरून हात काढून थोडा वेळ नुसता बसलो.

हा 28 खंडांचा हिस्सा दोनदा वाजतो. त्यानंतरचे 13 खंड म्हणजे विस्तार. नाव मोठं, पण आपल्या ख्यालातल्या विस्ताराशी त्याचा संबंध नाही, आणि इथे तर तो फारच आखूड आहे. शेवटचा तुकडा उचलायचा आणि त्याचा गंधार कोमल करायचा, एवढ्यावर सुरुवात होते. पांढऱ्या पाचचा कोमल गंधार म्हणजे काळी पाच. एकदम ढग भरून आल्यासारखं वाटतं. मग तेच पांढऱ्या दोनवरून, अधूनमधून पुन्हा पलट्यांची धाव. काळी पाच मात्र लक्षात ठेवा.

आता परतीची वेळ. नियमाने पहिला आशय पांढऱ्या एकवर, मूळ घरी यायला हवा. 42व्या खंडात तो येतो, अगदी तसाच, हसरा. पण येतो पांढऱ्या चारवर. मध्यमाला षड्ज करून! बिऱ्हाड शोधत गल्लीत शिरलेला माणूस एक दार आधीच थांबावा आणि आतल्यांनी त्याला चहाही द्यावा, तसं. दुसऱ्याच खंडात डावा हात रे प म प वाजवतो आणि त्या मध्यमासाठी त्याचं बोट पडतं काळ्या पाचवर. मघाशी जी पट्टी कोमल गंधार होऊन डोळे भरून आणत होती, तीच आता साधा शुद्ध मध्यम आहे. स्वराला स्वतःचा स्वभाव नसतो, त्याला तो षड्ज देतो. आपली मूर्च्छनेची कल्पना हेच सांगते.

पण मोत्झार्ट मध्यमावर का आला? याचा एक सोपा खुलासा आहे. एकपासून पाचपर्यंत जितकं अंतर, तितकंच चारपासून वरच्या एकपर्यंत. दोन्हीकडे षड्ज-पंचम भाव. म्हणजे पहिला हिस्सा जसाच्या तसा चारवरून उतरवून काढला तर दुसरा आशय आपोआप मूळ घरी पडतो. नवं काही लिहायला नको. खुलासा बुद्धीला पटणारा आहे, पण मोत्झार्टवर आळसाचा आरोप करणारा आहे, आणि स्वरलिपी उघडली की तो टिकत नाही. त्याने नक्कल केलेली नाही. पहिल्या वेळी पलट्यांपासून अर्धविरामापर्यंत आठ खंड होते, आता बारा आहेत. मधली धाव डाव्या हाताकडे जाते, जो इतका वेळ निमूट साथ करत होता. आणि या जादा चार खंडांत सगळं वळवून तो पुन्हा त्याच जागी आणून थांबवतो, पांढऱ्या पाचवर. तोच अर्धविराम, मग तोच झुलता खंड. आपला कान म्हणतो, आता पुन्हा बिऱ्हाड बदलणार. या वेळी बदलत नाही. पंचम पंचमच राहतो आणि दुसरा आशय उतरतो पांढऱ्या एकवर.

म्हणजे घरी परतताना पहिला आशय दुसऱ्याच्या दारात थांबला आणि घर उघडलं ते दुसऱ्या आशयाने. माझ्या मते सगळ्या रचनेतली ही सर्वांत हुशार जागा आहे. तिच्यासाठीच तर मध्यमाचं दार ठोठावलं गेलं. 73व्या खंडावर भाग संपतो. ऐकायला तीन-चार मिनिटं लागतात.

पुढच्या आठवड्यात याच सोनाटाचा दुसरा भाग, अँडान्टे: पांढरी पाच, तीन मात्रांची चाल. तोवर एवढं करून पाहा. पेटीवर पांढरी पाच दाबून धरा. तोंडाने आधी पांढऱ्या एकचा सा लावा आणि ती पट्टी पंचम म्हणून ऐका. मग भाता न थांबवता तिलाच सा म्हणा. ज्या क्षणी ती पट्टी बदलल्यासारखी वाटेल, तिथे मोत्झार्टचा चौदावा खंड सुरू होतो.