शेततळ्यातील माशांना औषध देण्यापूर्वी पाण्याची परीक्षा

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. संरक्षित ओलितासाठी खोदलेल्या शेततळ्यात रोहू, कटला व मृगळ वाढविल्यास त्याच पाण्यापासून जोडउत्पन्न मिळते. परंतु मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले, की औषध आणून तळ्यात ओतण्याची घाई केली जाते. हे लक्षण रोगाचेच असते असे नाही. प्राणवायूची उणीव व अमोनियाची वाढ यांमुळेही मासे असेच वागतात. अशा पाण्यात औषध पडल्यास उरलेला मालही हातचा जातो.

म्हणून प्रथम तीन गोष्टी तपासाव्यात. प्राणवायू सूर्योदयापूर्वी मोजावा, कारण त्या वेळी तो सर्वांत कमी असतो. दर लिटरला ५ मिलिग्रॅम असल्यास उत्तम. ३ च्या खाली गेल्यास औषध देऊ नये, प्रथम पाण्यात हवा खेळवावी. सामू ७ ते ८.५ असावा, तो सकाळी व दुपारी असा दोनदा पाहावा. तिसरा अमोनिया. सामू व उष्णता वाढली की त्याचा विषारी अंश वाढतो. म्हणून एकच मोजमाप पौषातल्या सकाळपेक्षा वैशाखातल्या दुपारी अधिक घातक ठरते. काचेच्या टाकीत मासे पाळणारे लोक वापरतात ते तपासणी संच येथेही चालतात. मात्र या संचांत रंगावरून निर्णय होतो. लाल औषधाने, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटने, पाणी गुलाबी झाल्यावर केलेली परीक्षा फसवी असते. ती औषधापूर्वी करावी व रंग गेल्यावर पुन्हा करावी.

दुसरी बाब पाण्याच्या मापाची. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यात २,७०० घनमीटर पाणी मावते असा समज होतो. परंतु बाजूंना एकास दीड उतार असल्यास तळ २१ मीटर चौरस उरतो आणि पाणी १,९७१ घनमीटरच भरते. लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरला २ ग्रॅम मात्रेने लाल औषध सुमारे ३.९ किलो लागते. चुकीच्या हिशेबाने ते ५.४ किलो पडेल. उन्हाळ्यात पातळी उतरते, तेव्हा त्या दिवसाचीच खोली धरावी.

औषध तळ्यात टाकण्यापूर्वी एका बादलीत तळ्याचे पाणी घेऊन, त्याच मात्रेचे औषध घालून चारदोन मासे सोडावेत. गुलाबी रंग लवकरच तपकिरी झाला, तर पाण्यात सेंद्रिय घाण फार असून औषध तिच्यावरच खर्ची पडत आहे असे समजावे. अशा वेळी मात्रा वाढविण्याऐवजी शक्य तेवढे पाणी बदलावे.

हे औषध शेवाळ मारते, त्यामुळे पुढे प्राणवायू घटतो. म्हणून उपचार स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी करावा, खाद्य बंद ठेवावे आणि पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडावे. दोन औषधे एकत्र मिसळू नयेत. अंगावर व्रण असलेले मासे आढळल्यास ते व पाण्याचा नमुना घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व सहायक कृषी अधिकाऱ्यांनी प्रत्येक तळ्याची मापे व तपासणीचे आकडे वहीत नोंदवून ठेवल्यास शेतकरी बंधूंना ऐन वेळी त्यांचा मोठा आधार होईल.